‘वनस्पतीजन्य’ प्लास्टिकची पारख
(गणेशोत्सवातील व्याख्यान)



मी पदविकाधारक इंजिनिअर. रेल्वेत आलेला माल नुसत्या लेबलावर घेतला जात नाही. नमुना काढायचा, चाचणी करायची, अहवाल पाहायचा आणि मगच माल पास करायचा. हीच रीत आज महाप्रसादाच्या ताटांना लावून पाहू.

१ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या एकदाच वापरायच्या प्लेटा, पेले, चमचे यांवर देशभर बंदी आहे. कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकला मात्र त्यातून सूट आहे. त्यामुळे ‘वनस्पतीपासून बनवलेले, मातीत मिसळणारे’ असे छापलेला माल बाजारात आला. त्यातला खरा कोणता?

इथे प्रश्न दोन आहेत. पहिला, हे प्लास्टिक वनस्पतीपासूनच बनले आहे का? हे पाहून किंवा जाळून कळत नाही. आयोडीनचा थेंब टाकल्यावर निळा रंग आला तर स्टार्च आहे एवढेच कळते, बाकी काय मिसळले आहे ते नाही. ब्राझीलची ब्रास्केम कंपनी २०१० पासून उसाच्या अल्कोहोलपासून पॉलिथीन बनवते. त्याचा रेणू तेलापासून केलेल्या पॉलिथीनसारखाच असतो. म्हणून प्रयोगशाळेतले इन्फ्रारेड यंत्रही ‘पॉलिथीन’ एवढेच सांगते; ऊस की तेल, हे सांगत नाही.

ते सांगतो कार्बन-१४. हवेतल्या कार्बनच्या सुमारे एक लाख कोटी अणूंत त्याचा एक अणू असतो. झाडे तो हवेतून घेतात. दर ५,७३० वर्षांनी तो निम्मा होतो. खनिज तेल कोट्यवधी वर्षांचे, त्यात तो उरलेलाच नसतो. नमुना जाळून मिळालेल्या वायूतला कार्बन-१४ मोजला की वनस्पतीच्या कार्बनचा वाटा टक्क्यांत मिळतो. एएसटीएम डी ६८६६ हे त्याचे प्रमाणित मानक. उत्खननात सापडलेल्या कोळशाचे वय काढतात तीच ही विद्या. विलार्ड लिबी यांना तिच्यासाठी १९६० साली नोबेल मिळाले. आपल्या जवळ, लखनौच्या बिरबल साहनी संस्थेत, कार्बन-१४ ने कालमापन होते.

एक हिशेब सांगतो. पिशवीत वजनाने निम्मा स्टार्च आणि निम्मे पॉलिथीन असेल, तर वनस्पतीचा कार्बन निम्मा नव्हे, जेमतेम एक तृतीयांश भरतो. कारण स्टार्चमध्ये कार्बन सुमारे ४४ टक्के, तर पॉलिथीनमध्ये ८६ टक्के असतो. म्हणून अहवालातला आकडा वजनाचा की कार्बनचा, हे विचारावे.

दुसरा प्रश्न, ते कुजते का? उसाचे पॉलिथीन वनस्पतीजन्य असूनही कुजत नाही. उलट पीबीएटी हे प्लास्टिक मुख्यतः तेलापासून बनते, तरी कंपोस्टमध्ये कुजते. यासाठी आयएस/आयएसओ १७०८८ ही वेगळी कसोटी आहे. सुमारे ५८ अंश सेल्सिअसच्या कंपोस्टमध्ये १८० दिवसांत ९० टक्के कार्बनचा वायू झाला पाहिजे. ५८ अंश! मक्या-उसापासून होणारे पीएलए त्या उष्णतेत कुजते. पुण्याजवळ जेजुरीला प्राज इंडस्ट्रीजने २०२४ साली त्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. पण तेच ताट गंगाजीत टाकले, तर ती उष्णता तिथे कुठली? ते वर्षानुवर्षे तसेच राहणार.

म्हणून मंडळाला माझी विनंती आहे. असा माल घेताना विक्रेत्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कंपोस्टेबल प्रमाणपत्र मागा आणि त्यावरचे उत्पादकाचे नाव मालाशी ताडून पाहा. ‘वनस्पतीजन्य’ असा दावा असेल, तर कार्बन-१४ चा अहवालही मागा. वापरलेली ताटे वेगळी गोळा करून कंपोस्टला पोचवायची सोय नसेल, तर तो खर्च करूच नका. २०१९ साली रेल्वेने वाराणसी स्थानकावर कुल्हड पुन्हा आणायचे ठरवले होते. कुल्हड आणि काडीने टाचलेली पत्रावळ यांना कुठल्याच प्रयोगशाळेचा दाखला लागत नाही.

गणपती बाप्पा मोरया!