मैदान कुणाचं?



आज खेळावर बोलतो. म्हणाल, मोर्चा सोडून फुटबॉल? पण ऐका. ज्या काळ्या पँथरवरून १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी नाव घेतलं, त्यांच्याच मुलखातली ही गोष्ट आहे.

अमेरिकेत कॉलेजचा फुटबॉल म्हणजे धंदा. बिग टेन या बड्या कॉलेजांच्या गटानं २०२२ साली टीव्हीवाल्यांशी सात वर्षांचा करार केला, ७ अब्ज डॉलरच्या वर. लहान कॉलेजला काय? मार खायची मजुरी. बडं कॉलेज पैसे देऊन त्याला आपल्या मैदानावर बोलावतं, लोकांपुढं लोळवतं अन् चेक देऊन घरी धाडतं. २००७ साली मिशिगननं ॲपलाचियन स्टेटला असेच ४ लाख डॉलर दिले. लाखावर लोक बघायला. पोरांनी ३४-३२ नं मिशिगनलाच लोळवलं! वाचून मी नाचलो. मग डोकं शांत झाल्यावर कळलं : मैदान मिशिगनचं, तिकिटं मिशिगनची, गल्लाही मिशिगनचाच.

लुइझियानातलं ग्रॅम्बलिंग स्टेट काळ्यांचं कॉलेज. गोऱ्या कॉलेजांची दारं बंद होती तेव्हा काळी पोरं इथं घडली. दारं उघडली तशी बड्यांनी चांगला गडी उचलला, कॉलेज मागंच ठेवलं. एक हुशार पोरगा वर घ्यायचा अन् वस्ती गटारात ठेवायची, ही युक्ती आपल्याला नवी नाही.

वर सरकारी अनुदान कापलेलं. खोल्यांत बुरशी, सामन्याला जायचं तर तासन्‌तास बस. २०१३ च्या ऑक्टोबरात पोरं जॅक्सन स्टेटच्या सामन्याला गेलीच नाहीत. साऱ्या देशानं ती बुरशी वाचली.

पण घाव कुणावर बसला? जॅक्सन स्टेटवर. तेही काळ्यांचंच कॉलेज. बड्यांचा गल्ला हललाही नाही. गोदीत मी हेच बघतो. एक टोळी बसली की शेजारची टोळी उपाशी मरते, जहाजवाला नाही. सगळ्या टोळ्या बसल्या तरच जहाज अडतं.

२०२५ च्या जूनमध्ये कोर्टानं तडजोड मंजूर केली. कॉलेज आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. घामाला दाम मिळाला, हे न्यायाचंच झालं. पण 'देऊ शकतं' हा शब्द बघा. ज्याच्या गल्ल्यात आहे तो देणार. ग्रॅम्बलिंगनं कुठून आणायचे?

म्हणून सांगतो, चेक मोजत बसू नका. मैदान कुणाचं, ते विचारा. अन् बसमध्ये चढायचं नाही असं ठरलं, तर पलीकडच्या पोरांना आधी निरोप धाडा.

जय भीम.