स्लॅकवर नोटिफिकेशन हवंय, पण कुठलं?

गिटहबवर प्रोजेक्टमध्ये काही घडलं की त्याचा मेसेज टीमच्या स्लॅकवर आपोआप कसा आणायचा, आणि मुळात कुठला आणायचा, यावर आज बोलू.

सगळ्यात सोपं म्हणजे स्लॅकमध्ये गिटहबचं ॲप जोडायचं. मग चॅनेलमध्ये ‘/गिटहब सबस्क्राइब’ ही कमांड द्यायची आणि पुढे रिपॉझिटरीचं पूर्ण नाव. झालं काम! पण खरी गंमत इथून सुरू होते. वेगळं काही सांगितलं नाही, तर इश्यू, पुल रिक्वेस्ट, मुख्य ब्रँचवरचे कमिट, रिलीज, डिप्लॉयमेंट, सगळंच येऊन पडतं.

आमच्याकडे हेच झालं. आठवडाभरात निम्म्या टीमने ते चॅनेल म्यूट केलं. पुढे एका शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉयमेंट फेल झालं. मेसेज अगदी वेळेवर आला, पण वाचला कुणीच नाही. सोमवारी क्लायंटचा फोन आला तेव्हा कळलं.

म्हणून माझा एकच प्रश्न असतो: हा मेसेज बघून कुणाला काही करावं लागणार आहे का? नसेल, तर तो नको. कमिट नको असतील तर ‘अनसबस्क्राइब’ कमांडमध्ये रिपॉझिटरीच्या नावापुढे ‘कमिट्स’ लिहा, तेवढेच बंद होतात.

आता समजा तुमची स्वतःची बॅकअपची स्क्रिप्ट आहे. तिथे इनकमिंग वेबहुक वापरा. स्लॅक एक यूआरएल देतं, ती एकाच चॅनेलशी जोडलेली असते. तिच्यावर पोस्ट रिक्वेस्टने छोटासा जेसन पाठवायचा. त्यात ‘टेक्स्ट’ नावाचं फील्ड आणि त्यात तुमचा मजकूर, बस.

पण लक्षात ठेवा, ही यूआरएल पासवर्ड विचारत नाही. ज्याच्या हातात ती, तो तुमच्या चॅनेलमध्ये लिहू शकतो. म्हणजे ती घराची किल्लीच. कोडमध्ये टाकून गिटहबवर पुश करू नका, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा. बाहेर गेलीच, तर रद्द करून नवीन बनवा.

आणि एक. बॅकअप फेल झाला तरच मेसेज, हे बरोबर. पण स्क्रिप्ट चाललीच नाही तरी शांतताच असते ना! म्हणून ती चालली की नाही, हे दुसऱ्या कुणीतरी तपासायला हवं.

आज एवढंच करा: तुमच्या चॅनेलमधले शेवटचे 20 मेसेज बघा. त्यातल्या किती मेसेजवर कुणी काही केलं, ते मोजा. आकडा बघून पुढचं तुम्हालाच सुचेल. भेटू पुढच्या भागात!