पिस्त्याची बाग आणि तिच्यातले तण



पिस्त्याशी आपली ओळख श्रीखंडावरच्या हिरव्या कापांपुरती. जगाच्या बाजारातला त्याचा मोठा वाटा आज अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातून येतो. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. पावसाबरोबर झाडांच्या ओळींमधून रानमोहरी, रानमुळा माजतो आणि एप्रिल-मे महिन्यांत वाळू लागतो.

नेमक्या त्याच दिवसांत कोवळ्या पिस्त्यांवर काळे डाग पडत आणि फळे गळत. १९८० नंतरच्या दशकात संशोधकांनी यातला गुन्हेगार हुडकून काढला. तो निघाला ढेकणाच्या जातकुळीचा, सुईसारखी सोंड खुपसून रस शोषणारा किडा. मौज अशी की, या किड्याचे खरे घर झाडावर नव्हेच, ते खाली तणात! पिले तिथेच वाढतात. तण वाळले किंवा कापले, की पंख फुटलेले किडे निराश्रित होऊन वर झाडावर येतात. म्हणजे एप्रिलमध्ये बाग 'स्वच्छ' करणारा मालक आपल्याच हातांनी कीड फळांवर पाठवतो. हेच तण मार्चच्या मध्यापर्यंत, पिलांना पंख फुटण्यापूर्वी मोडले, तर ती तिथेच उपाशी मरतात. ती वेळ हुकली, तर जूनमध्ये कवच टणक होईपर्यंत तणाला हात न लावणे शहाणपणाचे. पुढे या लहान किड्यांची सोंड आत शिरत नाही. याच गटातले काही मोठे किडे मात्र टणक कवचही भेदतात, हे विसरून चालणार नाही.

मग तण बारा महिने उखडूनच टाकावे काय? बदामाच्या बागेत धूळ उडाली, की कोळी माजतो. हिरवळ ती धूळ बसवते. शिवाय हिवाळ्यात झाडावरून पडलेले किडके बदाम ओल्या गवतात लवकर कुजतात आणि आतल्या अळ्या मरतात. पिकॅन नावाच्या अक्रोडासारख्या फळाच्या बागांत तर मुद्दाम क्लोव्हर पेरतात. त्यावरच्या माव्यावर लेडीबर्ड भुंगे पोसले जातात. ते पुढे झाडावरचा मावा खातील, अशी अपेक्षा. खाली खाणे भरपूर असले तर ते वर कशाला येतील, ही शंका मला रास्त वाटते.

आपल्या कोकणात काजूच्या मोहोरावर पडणारा ढेकण्या पिस्त्यावरच्या त्या लहान किड्यांच्याच कुळातला. तो पेरूवर आणि कडुनिंबावरही जगतो. तेव्हा काजूखालचे गवत काढणाऱ्याने कुंपणाकडेही पाहावे.