टाकीचं झाकण लावलं होतं का?

आज मी विमानाविषयी बोलणार आहे. परतूर तालुक्यातल्या आपल्या आष्टीत बसून विमानाचं काय ऐकायचं, असं कुणाच्या मनात आलं असेल. पण आपल्या देशातल्या वैमानिकांमध्ये बायकांचं प्रमाण सुमारे १५ टक्के आहे. जगाच्या सरासरीपेक्षा हे कितीतरी जास्त. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कोलकात्याहून सिलचरला विमान नेलं, त्यात सगळ्या कर्मचारी बायकाच होत्या. आज बारामती, गोंदिया, धुळे इथे विमान चालवायला शिकवतात. उद्या आपल्या भागातली एखादी लेक तिथे शिकायला जाईल. तिला जे सुरुवातीलाच शिकवतात, ते आपल्याही कामाचं आहे.

शिकायचं विमान छोटं असतं. दोन किंवा चार माणसं बसतील एवढं, एका इंजिनाचं आणि बोलेरो गाडीपेक्षाही वजनाला हलकं. उडण्याआधी वैमानिक त्याच्याभोवती एक फेरी मारते. देवळातल्या प्रदक्षिणेसारखी, पण प्रत्येक जागी हात लावून. पंखाखालच्या तोटीतून थोडं इंधन पारदर्शक कपात काढून बघते. पाणी इंधनापेक्षा जड असतं, ते तळाशी बसतं. पाणी इंजिनात गेलं तर इंजिन वर आकाशात बंद पडू शकतं. मग ती टाकीचं झाकण उघडते, पट्टी बुडवून इंधन मोजते आणि झाकण घट्ट बसवते. वेग मोजायच्या नळीत किड्यांनी घर करू नये म्हणून टोपी घातलेली असते, ती काढते. विमान उभं असताना वाऱ्याने त्याचे हलते भाग आपटू नयेत म्हणून आतल्या दांड्याला खीळ लावतात, तीही काढते. बांधलेले दोर सोडते, चाकांपुढचे ठोकळे काढते.

यातलं एकही काम अवघड नाही. दहावीची मुलगी दोन दिवसांत शिकेल. मग चूक कुठे होते?

समजा, तिने पट्टी बुडवून इंधन मोजलं. झाकण टाकीवर नुसतं ठेवलं, अजून पिळलेलं नाही. तेवढ्यात खिशातला फोन वाजतो. आईच असते. "पोचलीस का? काही खाल्लंस का?" दोन मिनिटं बोलणं होतं. फोन ठेवून ती वळते, झाकण जागेवर दिसतं आणि ती पुढच्या कामाला लागते. विमान उडालं की पंखावरून हवा जोरात वाहते, तिथला दाब कमी होतो आणि सैल झाकणातून इंधन बाहेर ओढलं जातं. जमिनीवर मोजलेलं इंधन पुरेसं होतं, पण आता ते टाकीत राहिलेलं नाही.

तिला झाकण लावायचं माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. रोजच तर लावते. घोळ तिथेच आहे. नासाच्या एम्स संशोधन केंद्रातले की डिस्मुक्स यांनी वैमानिकांच्या अशा विसरण्याचा बरीच वर्षं अभ्यास केला. रोजचं काम मन एकामागून एक आपोआप करत जातं. मध्येच कुणी थांबवलं, तर "हे अजून राहिलंय" अशी वेगळी खूणगाठ मन बांधत नाही. परत आल्यावर काल-परवाचं झाकण लावलेलं आठवतं आणि ते आजचंच वाटतं. म्हणून नवख्यांइतकीच ही चूक मुरलेल्या माणसांकडूनही होते.

३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत डेटन शहराजवळ बोईंग कंपनीच्या नव्या मोठ्या विमानाची चाचणी होती. चालवणारे मेजर प्लॉयर हिल हे लष्करातले नाणावलेले वैमानिक होते. विमान उडालं, सरळ वर चढलं आणि कोसळलं. हिल आणि बोईंगचे वैमानिक लेस्ली टॉवर यांचा त्यात जीव गेला. कारण काय, तर हलत्या भागांची खीळ काढायची राहून गेली होती. वैमानिकांना आणखी शिकवून हे सुटणार नव्हतं, कारण हिल यांच्याहून शिकलेला माणूस आणायचा कुठून? मग कामांची यादी कागदावर लिहिली गेली. आज जगभर वैमानिक अशी यादी हातात घेऊन तपासणी करतात.

पण यादीचाही धागा तुटतो. ३१ ऑगस्ट १९८८ रोजी डलासला बोईंग ७२७ विमान उडताच कोसळलं, १४ माणसं गेली. विमान रांगेत थांबलेलं असताना वैमानिकांच्या हवाई सेविकेशी गप्पा चालल्या होत्या. उडताना पंखांची मागची झडप खाली घ्यायची असते, ती घेतलीच नव्हती. अशा वेळी कामाशिवाय बोलायचं नाही, हा नियम तिथे १९८१ पासूनच होता.

छोट्या विमानात शेजारी दुसरा वैमानिक बहुतेक वेळा नसतोच. म्हणून तिथे शिकवतात ते असं. फेरी मारताना फोन बंद. कुणी बोलायला आलं तर "फेरी संपू दे" म्हणायचं, मग तो मालक का असेना. मध्ये खंड पडलाच, तर आठवून पुढे जायचं नाही, फेरी पहिल्यापासून सुरू करायची. आणि शेवटी दहा पावलं लांब उभं राहून सगळं विमान एकदा शांतपणे बघायचं. एखादा दोर, एखादी लाल फीत राहिली असेल तर ती तिथून दिसते.

विमानातली ही पद्धत दवाखान्यात आणण्यात एका मराठी घरातल्या डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. डॉ. अतुल गावंडे अमेरिकेत वाढले, पण त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांच्या गटाने शस्त्रक्रियेची १९ मुद्द्यांची यादी केली. भूल देण्याआधी, कापण्याआधी आणि रुग्णाला बाहेर नेण्याआधी सगळ्यांनी थांबायचं आणि मोठ्याने विचारायचं. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत ती वापरून पाहिली. शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू हजारी १५ वरून ८ वर आले.

आपल्याकडे विमान नाही, पण असं काम रोज असतं. नर्सताई सिरिंजमध्ये औषध भरत असते, घरधनी फवारणीचं औषध मोजत असतो, कुणी मोटरच्या वायरीला हात घालण्याआधी वीज बंद करत असतं. त्या वेळी त्यांना हाक मारू नका. निरोप कितीही महत्त्वाचा वाटला तरी दोन मिनिटं थांबा. आपलंच काम असेल तर मोठ्याने बोलत करा, म्हणजे कानही साक्षीला राहतात. मध्ये कुणी आलंच, तर पुन्हा पहिल्यापासून तपासा. त्यात कमीपणा काही नाही.

आणि लेक विमान शिकायला गेली असेल, तर तिची तपासणीची वेळ विचारून घ्या. "जेवलीस का" हे विमान उतरल्यावर विचारा.