कान फुटतो, पण दुखणे येते नाकातून



मानखुर्दच्या वस्त्यांत कान वाहणारे मूल दिसले की आजी सांगते, "दात येताहेत, कान फुटणारच." कोणी आंघोळीच्या पाण्याला दोष देते. खरे तर मधल्या कानात जंतू बहुधा नाकामागून जातात. तिथून कानापर्यंत एक बारीक नळी असते. मोठ्यांची नळी उतरती, तान्ह्यांची आखूड आणि जवळजवळ आडवी. सर्दी झाली की ती सुजते, आत पाणी साचते, त्याचा पू होतो आणि कधी पडदा फुटतो.

सर्दी का हटत नाही? एका खोलीत सहा-सात माणसे, चूल, बिडी. शेजारी देवनारचे डम्पिंग. जानेवारी 2016 मध्ये तिथली आग कित्येक दिवस धुमसत होती. तो धूर कोणा एका आईच्या हातात नाही. खोलीतली बिडी मात्र बाहेर नेता येते, आणि हे बाबांना सांगायला हवे, आईला नव्हे.

आता बाटलीविषयी. आई कामावर जाते, थोरली ताई बाळाला झोपवून तोंडात बाटली देते. आडवे पडून प्यायलेले दूध त्या नळीकडे जाऊ शकते. डोके उंच धरून मांडीवर पाजावे, शक्यतो वाटी-चमच्याने. सहा महिने अंगावरचे दूध मिळाले, तर कानाचे दुखणे कमी होते. म्हणून नाताळच्या भेटींत बाटल्या आणि बाळाच्या दुधाचे डबे पाठवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. 1992 च्या कायद्यानेही अनाथालयाखेरीज कोणाला ते दान करता येत नाहीत. त्याऐवजी आईला दोन तास उसंत मिळेल, असे कोणी दुपारी बाळ सांभाळायला आले तर फार बरे.

न्यूमोकोकलची लस 2021 पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत आहे: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. कार्ड मागून पाहा.

कान वाहत असेल तर लसणाचे तेल घालू नका. कान कोरडा ठेवा, पाणी जाऊ देऊ नका आणि गोवंडीच्या शताब्दी रुग्णालयात दाखवा. दोन आठवडे पू थांबला नाही, तर ऐकू कमी येण्याची भीती असते. असे मूल बोलायला उशिरा शिकते, आणि बालवाडीत त्याला "लक्ष देत नाही" म्हणतात. ऐकण्याची तपासणी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत होते. रोज हजेरीवर जगणाऱ्या आईला तो दिवस बुडवणे परवडत नाही. तिच्याबरोबर जायला आपल्यापैकी कोण तयार आहे, त्यांनी सभेनंतर नाव द्यावे.