पिल्लू कुत्र्याच्या तोंडात, पण चूक कुणाची?

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत बचतीचा हिशोब बाजूला राहिला आणि भांडण लागलं ते एका कुत्र्यावरून. एकीच्या लॅब्रडॉर कुत्र्यानं शेजारणीचं कोंबडीचं पिल्लू तोंडात धरून आणलं होतं. पिल्लू जिवंत होतं, नुसतं लाळेनं भिजलेलं. कुत्रं शेपूट हलवत मालकिणीच्या पायाशी येऊन उभं राहिलं. तिनं त्याला शेजारणीदेखत चपलेनं झोडपलं. आठ दिवसांनी त्यानं दुसरं पिल्लू उचललं. या खेपेला ते घराकडं आलंच नाही. हाका मारल्या तसं उसात शिरलं. मागनं सापडली ती पिसं.

शेजारीण म्हणाली, भरपाई द्या आणि कुत्रं लांब सोडून या. मालकीण म्हणाली, मारूनही सुधारत नाही, मी काय करू?

आम्ही दोघींचं ऐकून घेतलं. पहिला मार बसला तो पिल्लू उचलताना नव्हे, घरी आल्यावर. मग कुत्रं काय शिकलं? तोंडात काही असताना बाईकडं जायचं नाही.

ही जात मुळात वाढवली ती शिकारीत पडलेला पक्षी न फाडता मालकाच्या हातात आणून देण्यासाठी. म्हणून चप्पल, अंडं, पिल्लू, जे दिसेल ते तोंडात. इंग्लंड-अमेरिकेत या कुत्र्यांच्या परीक्षा होतात. आपल्याकडं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी आली आणि ती राहावीच. पण चूक तपासायची रीत त्या परीक्षकांकडून घेण्यासारखी आहे. पक्षी हातात आला की ते त्याच्या बरगड्या बोटांनी चाचपतात. दातांनी चेचल्या असतील तर कुत्रं बाद. मात्र घाई नाही. इंग्लंडात असा पक्षी कुत्र्याच्या मालकालाही बघू देतात, कारण पक्षी वरून पडतानाही मोडतो. हुकूम व्हायच्या आधी धावणारं कुत्रंही तिथं बाद होतं. अमेरिकेतल्या परीक्षेत १० पैकी गुण देतात. पक्षी पडलेली जागा ध्यानात ठेवणं, उमेद, चिकाटी आणि सांगितलेलं ऐकणं, या प्रत्येकात सरासरी ५ आणि सगळं मिळून ७ पडले की पास. म्हणजे थोडं चुकलेलं कुत्रंही पास होतं.

आमच्या कुत्र्याला हुकूम कोण देतं? पोरं! बगळा दिसला की ‘छू’, डुक्कर दिसलं की ‘छू’. कोंबडीला ‘छू’ नाही, हे त्याला कुणी शिकवलं? आणि शेजारणीचं डालगंही फाटकं होतं, हे तिनंच कबूल केलं. शेवटी मालकिणीनं दुसऱ्या पिल्लाचे पैसे दिले, शेजारणीनं डालगं बदललं, आणि पोरांचं ‘छू’ बंद. हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं.

आता सराव चालू आहे. गळ्यात लांब दावं, तोंडात जुन्या कापडाची गुंडाळी. मागं धावायचं नाही, खाली बसून हाक मारायची. आलं की आधी शाबासकी, मग भाकरीचा तुकडा पुढं करायचा. तुकड्यासाठी ते तोंड आपसूक उघडतं. हिसकायचं नाही, ओढलं की दात आणखी रुततात. कोंबड्या मोकळ्या असतील तेवढा वेळ कुत्रं बांधलेलं.

कडबनवाडीच्या माळाला चिंकारा आहे, भिगवणला उजनीच्या पाण्यावर पक्षी उतरतात. तिकडच्या बायांनी मात्र कुत्रं मोकळं सोडून बघूच नये. कुत्र्याचा दात लागला नाही तरी नुसतं पळून पळून हरीण दगावू शकतं.

आमचं कुत्रं आता गुंडाळी घेऊन अंगणापर्यंत येतं. मालकिणीच्या पायात चप्पल दिसली की दहा पावलांवर थांबतं. म्हणून सध्या हाक शेजारीण मारते.