पोरकी नव्हती, मी केली

एसटीत रेंज नसते, ऑफिसात हेडफोन चालत नाहीत, म्हणून हा भाग नेहमीसारखा लिहूनही टाकतोय.

मागच्या भागाखाली एकाने विचारलं होतं, "दादा, चिमणीचं पिल्लू सापडलंय, काय खायला देऊ?" उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण त्या दोन ओळी शिकायला मला तीन पिल्लांचा जीव मोजावा लागला. म्हणून आज ती गोष्ट पूर्ण सांगतो.

आमचं गाव श्रीगोंदा तालुक्यात. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर, पण आजी अजून "नगरच" म्हणते. आमच्याकडे लिंबाची बाग आहे. मी बीटेक करून पुण्यात नोकरीला, पण त्या वेळी वर्क फ्रॉम होम मिळालं होतं. एका रविवारी अप्पा म्हणाले, "लॅपटॉप ठेव आणि वाळक्या फांद्या काढ." मी कात्री घेऊन सुटलो. एक फांदी खाली पडली आणि तिच्यातून गवताचा एक गोळा घरंगळला. आतून बारीक चिवचिव येत होती.

ते मनोलीचं घरटं होतं. काही जण मुनियाही म्हणतात. पांढऱ्या गळ्याची, तपकिरी पाठीची, जाड चोचीची छोटी पाखरं. इंग्रजीत इंडियन सिल्व्हरबिल. पूर्ण वाढलेल्या पक्ष्याचं वजन बारा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एक रुपयाच्या तीन नाण्यांएवढं. लिंबाला काटे असतात, साप-मांजर सहज वर येत नाही, म्हणून यांना अशी झाडं आवडतात. काटा त्यांनी हुशारीने निवडला होता. कात्रीचा हिशोब त्यांच्याकडे नव्हता.

आत पाच पिल्लं होती. अंगावर नुसत्या काड्यांसारखे पिसांचे कोंब. मी ती बुटाच्या खोक्यात घालून घरी आणली. घरट्याला हात लागला, आता आई यांना घेणार नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं. मग कापसाच्या बोळ्याने दूध पाजलं. मला वाटत होतं मी फार मोठं पुण्य करतोय.

सकाळी दोन पिल्लं गार पडलेली होती.

मग घाबरून वनविभागाच्या हेल्पलाइनला, १९२६ला, फोन लावला. तिथून माझा फोन पक्षी वाचवणाऱ्या एका जाणकार ताईंपर्यंत पोचला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "घरटं परत का नाही लावलंस?" मी म्हणालो, हात लागला होता ना. त्या म्हणाल्या, "माणसाच्या वासाने पक्षी पिल्लं टाकत नाहीत. काल लगेच शेजारच्या फांदीला सुतळीने बांधून लांब उभा राहिला असतास, तर बहुतेक तास-दोन तासांत आईबाप आले असते."

मी तसाच बागेत पळालो. कापलेल्या फांदीच्या जागेजवळ दोन मनोल्या बसल्या होत्या. इकडून तिकडे उडायच्या, परत तिथेच यायच्या. माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. ही पिल्लं पोरकी नव्हतीच. त्यांना पोरकं मी केलं होतं.

घरटं बांधलं, पिल्लं आत ठेवली आणि मोटारीच्या खोलीआडून चार तास बघत बसलो. जोडी दोनदा जवळ आली, पण आत गेली नाही. पिल्लं गारठायला लागली. ताई म्हणाल्या, आता उचल. पुण्यापर्यंतचा प्रवास त्यांना झेपणार नव्हता. वनविभागाला कळवून, ताईंच्या फोनवरच्या देखरेखीखाली, मी तिघांना वाढवायला घेतलं.

आता कामाच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट ऊब. गार पिल्लाला अन्न पचत नाही. आधी अंग गरम, मग खाणं. उघड्या पिल्लाला साधारण पस्तीस अंश लागतात, पिसं येतील तसं कमी करायचं. आमच्याकडे लोडशेडिंग, बल्बवर काय भरवसा? मग गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून वाटीशेजारी ठेवायची. वाटीत टिश्यूचा खोलगट घरटा. गुळगुळीत तळावर पिल्लांचे पाय फाकतात आणि कायमचे वाकडे होतात.

दुसरी गोष्ट, दूध नाही, पाव नाही आणि चोचीत पाणी तर अजिबात नाही. पक्ष्याला दूध पचत नाही. त्याच्या जिभेच्या बुडाशीच श्वासनळीचं तोंड असतं, थेंब तिथे गेला की संपलं. आईबाप दाणे आपल्या पोटाच्या वरच्या पिशवीत मऊ करून पिल्लाच्या तोंडात ओततात. त्याऐवजी पिल्लांसाठीची तयार पावडर कोमट पाण्यात कालवायची. आधी ताकासारखी, मग आंबिलीसारखी. तापमान एकोणचाळीस अंशांच्या आसपास. जास्त गरम झालं तर आतून भाजतं. बिनसुईची एक मिलीची सिरिंज घ्यायची, पिल्लाच्या डाव्या बाजूने आत, रोख उजवीकडे. अन्ननलिका उजवीकडे असते.

तिसरी गोष्ट, वेळ. सकाळी सहा ते रात्री नऊ, दर अर्ध्या-पाऊण तासाने. मनोलीच्या पिल्लाची मानेजवळची कातडी इतकी पातळ असते की आतलं अन्न दिसतं. ती पिशवी जवळपास रिकामी झाली की पुढचा घास. मी एक्सेल शीट केली होती: वेळ, वजन, पिशवी. स्टँड-अप कॉलवर मी माइक म्यूट करून सिरिंज भरायचो. एकदा म्यूट करायचं राहिलं. मॅनेजर म्हणाले, "तुझ्याकडे काहीतरी ओरडतंय." मी म्हणालो, "सर, डेडलाइन आहे."

एवढं करूनही तिसऱ्या दिवशी एक गेलं. सगळ्यात अशक्त होतं ते. मी घाईत जरा जास्त भरवलं होतं. शीटमधल्या त्या ओळीपुढे मी काहीच लिहिलं नाही.

उरलेली दोन जगली. आजी म्हणाली होती, "नाव ठेवू नको, गुंतशील." म्हणून शीटमध्ये ती शेवटपर्यंत एक आणि दोनच राहिली. पिसं भरली, पंख फडफडायला लागले. मग भिजवलेला राळा, मोड आलेली बाजरी, बांधावरच्या गवताची कोवळी कणसं पिंजऱ्यात टांगायला लागलो. स्वतः दाणा फोडायला त्यांना दीड महिन्याच्या वयापर्यंत वेळ लागला. सिरिंज सोडवणं हे भरवण्यापेक्षा अवघड काम आहे. आपलीच सुटत नाही.

या काळात एक नंबर माझ्या खांद्यावर येऊन बसायला लागला. व्हिडिओ काढला असता तर व्हायरल झाला असता. पण ताईंनी बजावलं होतं, माणसाला न घाबरणारं पाखरू रानात टिकत नाही. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असा रानपक्षी पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. दुकानातला झेब्रा फिंच वेगळा, तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा. मग मी हात लावणं, बोलणं बंद केलं. पिंजरा बागेत नेऊन ठेवला, जिथे मनोल्यांचा थवा गवतावर उतरतो. थव्याने खाणारी, थव्याने झोपणारी जात आहे ही. काय खायचं, कुणाला घाबरायचं, हे त्यांना थवा शिकवतो.

आठवड्याने एका सकाळी दार उघडलं. दोन नंबर लगेच गेला. एक नंबर दारात बसून राहिला. मी मोटारीच्या खोलीआड, पहिल्या दिवशी बसलो होतो तिथेच. थवा उठला तसा तोही उठला. पुढचे चार दिवस संध्याकाळी दाणे खायला एक मनोली यायची. तोच होता का? सगळ्या सारख्याच दिसतात. मग तीही यायची थांबली.

पाचातली दोन. ताई म्हणाल्या, पहिल्या वेळेला चांगलं आहे. मला मात्र अजून वाटतं, ती सुतळी त्याच रविवारी बांधली असती तर?

तर त्या भावाला उत्तर: आधी ऊब दे, घरटं जवळ असेल तर परत ठेव, लांबून बघ. आईबाप आलेच नाहीत तर १९२६ला फोन कर. सिरिंज सगळ्यात शेवटी.

आणि शेतकऱ्यांच्या पोरांनो, आता छाटणीआधी मी बागेत एक चक्कर मारतो. घरटं दिसलं की फांदीला लाल चिंधी बांधतो आणि महिनाभर ती फांदी सोडतो. यंदा अप्पांनीच दोन चिंध्या बांधल्या. मला सांगितलंही नाही.